डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ वाढवा: बडोद्यातल्या प्रसूतितज्ज्ञांना खुले पत्र

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

बडोद्यात बाळंतपणं करणाऱ्या तुम्हा सगळ्यांना मिळून हे पत्र आहे. रावपुऱ्यातलं वरच्या मजल्यावरचं आठ-दहा खाटांचं प्रसूतिगृह असो, की वाघोडिया रोडवरचं मोठं रुग्णालय. मी फिजिओथेरपिस्ट. दांडिया बाजारात माझी छोटीशी जागा आहे. मान, कंबर, गुडघे हे नेहमीचं काम चालतंच, पण हल्ली निम्म्याहून जास्त वेळ जातो तो बाळंतपणानंतरच्या बायकांकडे. त्यांतल्या फार थोड्या तुमच्याकडून आलेल्या असतात. कुणाला जावेनं सांगितलेलं असतं, कुणाला ऑफिसातल्या मैत्रिणीनं. आणि येतात केव्हा, तर मूल बालवाडीत जायला लागून जरा उसंत मिळाली की. तोवर जे दोन-तीन महिन्यांत मार्गी लागलं असतं, ते अंगवळणी पडून बसलेलं असतं.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा वेळ जायला नको. सिझेरियननंतर सहा आठवड्यांनी बाई तपासणीला येते तेव्हा तिला स्वतःहून काही प्रश्न विचारा, आणि गरज दिसली तर 'फिजिओथेरपी' असं कागदावर लिहून द्या. तोंडी नको, लिहून.

लिहूनच का? आमच्या नावाआधी 'डॉ.' लावायचं की नाही, यावरून मध्यंतरी बरंच रान उठलं होतं. त्यात मला पडायचं नाही. पण घरच्यांच्या लेखी डॉक्टर तुम्हीच, आणि तुमच्या डिस्चार्जच्या कागदाला आपल्या घरांत जो मान आहे तो भल्याभल्यांना नाही. लोहाची गोळी कधी, कॅल्शियम कधी, टाके कधी ओले करायचे, बाळाची लस कोणत्या तारखेला, तांबी कधी बसवायची, सगळं त्यावर असतं. सासूबाई तो कागद फ्रिजवर चिकटवतात आणि अक्षरशः पाळतात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेजारच्या गुजराती काकींकडून आलेलं काटलूं, सव्वा महिना शेक, मालिश, हे कागदावर नसलं तरी होतंच, कारण त्याला आजीपणजीचा आधार आहे. व्यायामाला असा कुणाचाच आधार नाही. कागदावर ते नसलं की सुनेनं 'मला फिजिओकडे जायचंय' म्हणणं हे थेर ठरतं. 'आम्हाला नाही का मुलं झाली?' या वाक्यापुढे माझी पदवी चालत नाही. तुमची सही चालते.

आता मुद्द्याचं. सिझर झालं म्हणजे खालचं सगळं शाबूत, ही समजूत घराघरांत आहे आणि, माफ करा, काही ओपीडींतही आहे. टाके वर आहेत ना, मग खाली काय होणार? पेल्व्हिक फ्लोअर म्हणजे पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत बांधलेली स्नायूंची झोळी. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्या आधारावर असतात. बाळ कुठल्या वाटेनं बाहेर आलं हा शेवटच्या दिवसाचा प्रश्न झाला. त्याआधी नऊ महिने या झोळीनं वजन पेललेलं असतं, आणि संप्रेरकांनी तिचे बंध सैल केलेले असतात. त्यात कितीतरी सिझेरियन तासन्‌तास कळा देऊन, गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडल्यावर, डोकं खाली येऊन अडकलं म्हणून होतात. त्या बाईच्या वाट्याला खालचा ताणही येतो आणि वरचे टाकेही.

आकडा हवा असेल तर नॉर्वेतला घ्या. पंधरा हजारांवर बायकांची पाहणी करून २००३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तो छापून आला होता. लघवीवर ताबा नसण्याचं प्रमाण मूल न झालेल्यांत १०.१ टक्के, फक्त सिझेरियन झालेल्यांत १५.९ आणि नॉर्मल झालेल्यांत २१. सिझेरियनवाल्या बरोब्बर मधोमध. शस्त्रक्रियेनं थोडा बचाव होतो, हे मी नाकारत नाही. पण तपासायचंच नाही इतका नक्कीच होत नाही.

आणि आपल्याकडे ही संख्या लहान राहिलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झालेली दिसतात. सरकारी संस्थांत १४.३ टक्के, खासगीत ४७.४. म्हणजे खासगीत जवळजवळ दर दुसरी. ते योग्य की अयोग्य, यावर भांडायला मी बसलेली नाही. खाटेपाशी उभं राहून निर्णय तुम्हाला घ्यावा लागतो, मला नाही. मला खटकतं ते वेगळंच. सांधा बदलायच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी, कधी त्याच संध्याकाळी, आमच्यातलं कुणीतरी खाटेपाशी हजर असतं. सत्तर वर्षांच्या आजोबांना जिना कसा चढायचा हे शिकवल्याशिवाय कुणी घरी सोडत नाही. इथे पोटाचे इतके थर उघडून पुन्हा शिवले, त्या सत्तावीस वर्षांच्या मुलीला मात्र बाळ हातात देऊन 'काळजी घ्या' म्हणतात.

बडोद्याबाहेरच्या माझ्या मैत्रिणींना हे सांगून खरं वाटत नाही, पण नवरात्राच्या आधी माझ्याकडे गर्दी वाढते. गरब्यात वाढलेल्या मुली या. मराठी घरातल्या असल्या तरी काय झालं. एक शिक्षिका आली होती, मुलगा तीन वर्षांचा. चणियाचोळी घालून, आत पॅड लावून ती मैदानावर जायची. सुरुवातीच्या संथ ताळीला काही नाही. ढोल चढला, पायात उडी आली की घेरातून बाहेर पडायची आणि 'पाय दुखतोय' म्हणून खुर्चीवर जाऊन बसायची. नवऱ्याची खात्री होती की हिचा गुडघा गेलाय. माझ्याकडेही ती गुडघा दाखवायलाच आली. गुडघ्याला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. 'शिंक आली की काय होतं?' असं विचारलं तेव्हा तिनं आधी दाराकडे पाहिलं, नवरा ऐकतोय का म्हणून. मग म्हणाली, 'ताई, पाय आवळून उभी राहते. पण ते सिझर झालेल्यांना होत नाही ना?'

हे तिच्या मनात कुणी भरवलं ते मला ठाऊक नाही. पण या एका समजुतीपायी तीन वर्षं तिनं कुणाला सांगितलं नाही. आपल्यातच काहीतरी विचित्र बिघाड आहे असं धरून चालली होती. तीनेक महिने नेटानं काम केलं, आता ती नाचते. सगळ्यांचं इतकं सरळ होत नाही, तेही सांगायला हवं. कुणाला जास्त वेळ लागतो, कुणाला शेवटी तुमच्याकडे परत पाठवावं लागतं.

पुढचं तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे पत्र घरची माणसंही वाचतील. ओटीपोटावरच्या आडव्या छेदातून आत जाताना पोटाचे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. कापलं जातं ते त्यांच्यावरचं चिवट पांढरं आवरण, आणि पोटाच्या भिंतीचा जोर बराचसा त्यावरच असतो. सहा आठवड्यांत त्याची निम्म्याहून थोडी अधिक ताकद परत आलेली असते. बाकीची यायला आणखी कित्येक महिने जातात. कातडीवरची रेघ मात्र पंधरा दिवसांत सुकलेली दिसते, आणि घरचे निकाल देतात तो त्या रेघेकडे बघून. सहा आठवड्यांच्या तपासणीत 'आता सगळं करायला हरकत नाही' हे तुमचं वाक्य घरी पोचतं तेव्हा त्याचा अर्थ होतो पाण्याच्या बादल्या, गव्हाचा डबा आणि तीन मजले जिना.

टाक्यांना एकदा हात लावून बघा, एवढीच विनंती. दोन बोटं व्रणाच्या वर ठेवून कातडी वर-खाली, डावी-उजवी सरकवली तर बहुतेक ठिकाणी सरकते. एखाद्या टोकाला मात्र खाली घट्ट धरलेली लागते, आणि बाई लगेच म्हणते, 'हां, इथेच ओढतं, बाळाला खाटेवरून उचलताना.' व्रणाच्या वरचा भाग बधिर असतो. काहींना तो महिनोन्‌महिने तसाच राहतो, आणि हे आधी कुणी सांगितलेलं नसल्यामुळे त्या घाबरून जातात. कितीतरी जणींनी वर्षवर्ष त्या जागेला बोट लावलेलं नसतं. आंघोळीला साबण लावतानासुद्धा वळसा घालून जातात. जखम पूर्ण भरल्यावर, साधारण सहा-आठ आठवड्यांनी, तेलाचं बोट घेऊन रोज पाचेक मिनिटं हलक्या हातानं ती कातडी मोकळी करायची, हे शिकवायला मला दहा मिनिटं लागतात. तुमच्या नर्सला त्याहून कमी लागतील.

मालिश करणाऱ्या मासींचं आपण सगळेच जरा हसण्यावारी नेतो, पण एकीला माझ्याकडे पाठवलं ते त्यांनीच. 'एना पेटमां खाडो पडे छे,' हिच्या पोटात खड्डा पडतो, एवढंच निदान. मी त्या मुलीला उताणं झोपवलं, गुडघे दुमडायला सांगितले, मान उचलायला लावली आणि बेंबीच्या वर बोटं ठेवली. तीन बोटं आरामात आत गेली. उभ्या स्नायूंच्या मधला पट्टा ताणून रुंद झालेला. गरोदरपणात तो सगळ्यांचाच ताणतो, बहुतेकींचा आपोआप आवळत येतो. नॉर्वेतच २०१६ साली झालेल्या पाहणीत बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी साठ टक्के बायकांत ही फट होती, वर्षानं तेहेतीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे फट दिसली की घाबरायचं कारण नाही. पण वर्षभरानंतरही 'पोट सुटलंय, तूप जास्त झालं' असं ऐकत बसायचंही कारण नाही. ही मुलगी फट असताना रोज पन्नास क्रंचेस, म्हणजे उताणं पडून मान-खांदे उचलायचा व्यायाम, मारत होती, मोबाईलवर बघून. मारताना पोट मधोमध उंचवट्यासारखं वर यायचं, आणि तिला वाटायचं स्नायू येतोय.

'वजन उचलू नका.' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक फाईलवर असतं, आणि पाळता येत नाही असं त्या कागदावर दुसरं काही नसेल. बाळ जन्मतः तीन किलोचं, सहा महिन्यांत सात किलोचं. ते कोण उचलणार? पहिलं मूल दोन वर्षांचं असेल तर तेही कडेवर यायला बघणारच, आईनं बाळाला घेतलेलं दिसलं की हमखास. उचलू नका सांगण्यापेक्षा कसं उचलायचं ते सांगा. आधी बाळाला छातीशी ओढून घ्यायचं, श्वास बाहेर सोडायला लागायचं, खालून हलकेच आवळायचं, आणि मग उठायचं. श्वास कोंडून, दात आवळून नाही. बस्स. श्वास कोंडला की पोटातला सगळा दाब खाली जातो, आणि खाली जे सैल आहे त्यावरच पडतो.

तसंच शौचाचं. लोहाच्या गोळीनं मलावरोध होतो, टाके उसवतील या भीतीनं बाई जोर करत नाही, दोन-तीन दिवस थांबते, आणि मग नाइलाजानं इतका जोर करते की आठवडाभराचं कमावलेलं जातं. कमोडसमोर पायाखाली एक पाटला, म्हणजे बुटका पाट, ठेवायचा, पुढे झुकायचं, श्वास सोडत बसायचं. आपल्या प्रत्येक घरात पाटला असतो. गोळीबरोबर ही ओळ लिहायला काय हरकत आहे?

आता केगलविषयी, म्हणजे ही खालची झोळी आवळून सोडायच्या व्यायामाविषयी, कारण जे डॉक्टर काही सांगतात ते बहुधा एवढंच सांगतात: 'केगल करा.' आर्नोल्ड केगल हे तुमच्याच शाखेचे, अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ. १९४८ साली त्यांनी ही पद्धत मांडली तेव्हा नुसतं 'करा' म्हटलं नव्हतं. आवळण्याचा जोर मोजायचं एक साधन त्यांनी बनवलं होतं, म्हणजे बाई बरोबर करते आहे की नाही हे तिला स्वतःलाच दिसावं. आपण साधन सोडून दिलं आणि नाव तेवढं ठेवलं. माझ्यापुढे 'मी रोज करते' म्हणणाऱ्या बाईला मी 'करून दाखवा' म्हणते. कुणी पोट आत ओढते, कुणी नितंब आवळते, कुणी मांड्या. कुणाचा श्वास अडकतो आणि गालही फुगतात. काही जणी तर आवळायच्या ऐवजी खाली ढकलतात, नेमकं उलटं. कुणीतरी सांगितलेलं असतं की लघवी करताना मधेच धार थांबवायची, तोच व्यायाम. तो व्यायाम नाही, आणि रोज तसं करत राहणं मूत्राशयाला बरंही नाही.

शिवाय सगळ्यांचं सैलच झालेलं असतं असं नाही. काहींचं खालचं इतकं घट्ट, इतकं ताठरलेलं असतं की नवऱ्याजवळ जायची भीती वाटते, शौचाला त्रास होतो, माकडहाड दुखतं. तिला केगल करायला लावणं म्हणजे दुखण्यात भर. तिला आधी सोडायला शिकवावं लागतं, पोटानं श्वास घ्यायला शिकवावं लागतं. दोघींपैकी कोण कुठली, हे तपासल्याशिवाय कळत नाही. तुम्ही तपासणी करताच. तेव्हाच एका बोटावर 'आवळा' आणि 'आता सोडा' एवढं म्हटलंत तरी पुष्कळ कळतं. अर्थात तिला आधी विचारून, समजावून.

एका बाबतीत मी तुमच्या, म्हणजे तुमच्या भूलतज्ज्ञांच्या, बाजूनं रोज भांडते. कंबर दुखणारी प्रत्येक बाई 'ते पाठीत इंजेक्शन दिलं ना, तेव्हापासून' असं म्हणत येते. टोचल्या जागी काही दिवस दुखतं, खरं आहे. पण वर्षानुवर्षं टिकणाऱ्या कंबरदुखीचा दोष त्या सुईकडे जात नाही, असंच संशोधन सांगतं. पुढची भिंत कमजोर, दिवसातून दहादा वाकून अंगावर पाजणं, पाठीला काही टेकू नाही. एक उशी पाठीला आणि एक बाळाखाली, एवढ्यानं निम्म्या तक्रारी कमी होतात. सुईवर खापर फोडून झालं की मग कुणी काही करत नाही, म्हणून मला ते आवरावं लागतं.

वॉर्डातल्या पहिल्या दोन-तीन दिवसांत काय व्हावं, हे मी थोडक्यात लिहिते, कारण तिथली कामं तुमच्या सिस्टर आधीच इतकी करतात की त्यांच्यावर आणखी ओझं टाकायला माझी जीभ रेटत नाही. सरळ उताण्यावरून उठायचं नाही. गुडघे दुमडायचे, सगळं अंग एकदम कुशीवर वळवायचं, पाय खाटेखाली सोडायचे आणि हातावर जोर देऊन बसायचं. खोकला आला तर उशी टाक्यांवर दाबून धरायची. झोपल्या झोपल्या पावलं वर-खाली करत राहायची, म्हणजे पायात रक्त साकळत नाही. कॅथेटर काढल्यावर पहिली लघवी केव्हा झाली, कळली का, हे विचारायचं. उठताना टाके ओढले म्हणून ओरडणारी बाई आणि शेजारच्याच खाटेवर कुशीवर वळून उठणारी बाई मी एकाच वेळी पाहिलेली आहे. फरक सहनशक्तीचा नव्हता, दुसरीच्या आईनं शिकवलं होतं एवढाच.

आता तुमच्यातले वाचणारे डॉक्टर मला जे ऐकवतील ते मीच मांडते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ च्या प्रसूतीपश्चात मार्गदर्शक सूचनांत, लघवी-शौचाचा ताबा जाऊ नये म्हणून सरसकट प्रत्येक बाळंतिणीला पेल्व्हिक फ्लोअरचा व्यायाम सुरू करावा, अशी शिफारस केलेली नाही. उलट नको असंच म्हटलं आहे. बरोबर. म्हणूनच मी सरसकट मागत नाही. काहीही त्रास नसलेल्या बाईला माझ्याकडे दहा वेळा बोलवावं असं मला वाटत नाही, आणि 'पोस्टनेटल पॅकेज' म्हणून बेल्ट, मालिश, व्यायाम एकत्र विकायचं जे नवं खूळ आलंय त्याला तर माझा विरोधच आहे. बेल्टनं पहिल्या काही दिवसांत दुखणं कमी वाटतं, उठबस सोपी होते, तेवढ्यापुरता घाला. आजी जुन्या सुती साडीनं पोट बांधायची त्यातही तेच होतं. पण बेल्ट स्नायूंची फट मिटवतो, हे सांगून तो विकू नये.

ज्यांना त्रास आहे त्यांची गोष्ट निराळी. तिथे देखरेखीखाली केलेल्या व्यायामाचा उपयोग होतो याबद्दल वाद उरलेला नाही. उपचार कसे करावेत हे ठरवून देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०२१ च्या डिसेंबरात दिलेल्या सूचनांत निदान तीन महिन्यांचा देखरेखीखालचा कार्यक्रम सांगितला आहे. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर अशा सत्रांचा खर्च सरकारी विमा उचलतो. आपल्याकडे तसं होईल तेव्हा होईल. पण त्रास आहे की नाही हे कळायलाच आधी कुणीतरी विचारायला हवं, आणि नेमकं तेच होत नाही.

कारण त्या तपासणीला बाई एकटी नसते. मांडीवर बाळ, शेजारी सासूबाई, मागे नवरा फाईल धरून. तुम्ही 'काही त्रास?' विचारता, ती 'नाही, बाकी सगळं ठीक' म्हणते, आणि बोलणं बाळाच्या वजनावर जातं. आशाताईंच्या पहिल्या टप्प्यातल्या ठरलेल्या घरभेटी ४२ व्या दिवसापर्यंत चालतात, तिथेही सगळ्यांचं लक्ष बाळाकडेच. तपासायच्या निमित्तानं तिला पडद्याआड घेताच ना, तेव्हाच विचारा. खोकताना, शिंकताना, हसताना थेंब सुटतो का? घाई लागली की बाथरूमपर्यंत पोचता येतं का? गॅस किंवा शौच आवरत नाही असं होतं का? खाली जड वाटतं का, काही बाहेर येतंय असं? आणि नवऱ्याजवळ जाताना दुखतं का? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे, मलाही सुरुवातीला वाटायचा. विचारल्यावर मात्र बायका रडतात तरी, नाहीतर भडाभडा बोलतात तरी. 'त्रास आहे का' याला आपल्या बायका 'नाही' म्हणतात. नेमकं विचारलं की नेमकं सांगतात. मिनिटभराचं काम आहे. ओपीडीत साठ पेशंट असले तरी यातलं एक मिनिट निघतं, असं मी धरून चालते.

आणि पाठवायचं कुठे, हाही तुमचा प्रश्न रास्त आहे. या कामाचं शिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्ट गावात बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. पण बडोद्याला हे अवघड जाऊ नये. सयाजी रुग्णालयाच्या आवारात सरकारी फिजिओथेरपी कॉलेज आहे. दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर १८८० पासून उभं आहे. शरीर कमवायची परंपरा या गावाला दुसऱ्याकडून उसनी आणायची गरज नाही, ती बाळंतिणीच्या खाटेपर्यंत पोचली नाही एवढंच. सगळ्यांना तज्ज्ञाची गरजही नसते. सौम्य त्रास असलेल्या बाईला नीट शिकवून घरी करायला दिलं तरी भागतं. जिला तीन महिन्यांत फरक पडत नाही, जिला अंग बाहेर येतंय, जिचा शौचावर ताबा नाही, तिला पुढे पाठवा.

मी वरचे पाच प्रश्न आणि उठण्या-उचलण्याच्या सूचना एका पानावर मराठी, गुजराती आणि हिंदीत लिहून ठेवल्या आहेत. त्यावर माझं नाव नाही, पत्ता नाही, फी तर नाहीच. ज्यांना हवं असेल त्यांनी मागून घ्यावं, वाटल्यास बदल करावेत, स्वतःच्या लेटरहेडवर छापावं. गुजरातीतली भाषा एकदा तुमच्या सिस्टरना वाचायला द्या. माझी गुजराती बोलायला ठीक आहे, लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकतं.

कळावे,
आपली,
दांडिया बाजारातली एक फिजिओथेरपिस्ट
बडोदे